सूर्यफुलांवर टोमॅटोचं सूप!

दोस्तांनो, टोमॅटोचं सूप कशासाठी असतं? ‘हा काय प्रश्न झाला? प्यायला!’ असं तुम्ही म्हणाल. पण १४ ऑक्टोबर २०२२ रोजी लंडनच्या नॅशनल गॅलरीत दोघांनी सुपाचे डबे उघडले आणि ते चक्क भिंतीवरच्या एका चित्रावर फेकलं. चित्र तरी कोणतं? व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं ‘सूर्यफुलं’! १८८८ साली फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या आर्ल गावात काढलेलं, जगातल्या सर्वांत लाडक्या चित्रांपैकी एक. फेकणारे फिबी प्लमर आणि ॲना हॉलंड. एकाचं वय २१, दुसऱ्याचं २०. सूप फेकून झाल्यावर पळून जायचं सोडून दोघांनी आपले हात गोंदानं भिंतीला चिकटवले आणि तिथंच बसून राहिले.

ही बातमी मला पहिल्यांदा कुणी दाखवली माहीत आहे? माझ्या भाचीनं. देऊळगाव राजाला, भाऊबीजेच्या दिवशी.

बुलढाणा जिल्ह्यातलं देऊळगाव राजा तुम्हाला बालाजीच्या देवळामुळे ठाऊक असेल. आश्विनात तिथं मोठी यात्रा भरते. पण गावाबाहेर पडलात, की शेतांमध्ये जाळीचे मोठाले मांडव दिसतात. हीच ती शेडनेट. आत टोमॅटो, मिरची, काकडी असते. पण बाजारात विकायला नव्हे, बियाण्यासाठी! माझ्या ताईच्या घरचंही वीस गुंठ्यांचं शेडनेट आहे. तिथं टोमॅटोचं संकरित बियाणं तयार होतं. म्हणजे काय, तर उमलायच्या आधीच्या कळ्या चिमट्यानं हळूच उघडायच्या, आतले पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या फुलाला दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे. ‘क्रॉसिंग’ म्हणतात त्याला. एकेक फूल हातानं! ताई सकाळपासून मान खाली घालून हेच करत असते. तिच्यापेक्षा बारीक काम करणारा चित्रकार मी तरी पाहिलेला नाही.

तर, भाची तेव्हा आठवीत होती. चित्रकलेची भारी आवड, एलिमेंटरी परीक्षेला बसलेली. ओवाळून झाल्यावर तिनं दाजींचा मोबाइल माझ्यासमोर धरला. ‘मामा, हे बघ. यांना जेलमध्येच टाकलं पाहिजे!’ ती रागानं लालबुंद झाली होती.

मग घरातले सगळे मोबाइलभोवती जमले. आणि गंमत ऐका. एकच चित्रफीत, पण प्रत्येकाला त्यात निराळीच गोष्ट दिसली. भाचीच्या आजीला दिसलं ते सूप. ‘अन्नाची नासाडी! कामून फेकलं असंल?’ दाजी हसले, ‘विकतचं कशाला आणायचं? आमच्याकडं आले असते तर गाडीभर गर दिला असता.’ (बी काढून झाल्यावर टोमॅटोचा गर उरतोच ना!) आणि ताई म्हणाली, ‘ते पुसलं कुणी?’ खरं सांगतो, हा प्रश्न मला अजिबात सुचला नव्हता. भिंत, जमीन, चौकट, सगळं पुसणारी माणसं त्या गॅलरीतही असतीलच की.

चित्राला काही झालं नाही, हे इथं सांगून टाकतो. त्यावर काच होती. लाकडी चौकटीला मात्र थोडी इजा झाली. साफसफाई करून चित्र त्याच दिवशी पुन्हा भिंतीवर लावलं. सूप फेकणाऱ्यांना काच असल्याचं माहीत होतं, असं त्यांचं म्हणणं.

मग हा उपद्‌व्याप कशासाठी? ही मंडळी ‘जस्ट स्टॉप ऑइल’ नावाच्या गटाची होती. कोळसा, खनिज तेल, वायू जाळून हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यानं पृथ्वी तापते, हे तुम्ही भूगोलात शिकलाच आहात. ब्रिटन सरकारनं तेल आणि वायूचे नवे परवाने देऊ नयेत, ही त्यांची मागणी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की चित्रासाठी एवढे कळवळता, मग पृथ्वीसाठी का नाही? युरोपात तेव्हा अशा प्रकारांची साथच आली होती. २३ ऑक्टोबरला जर्मनीत पॉट्सडाम इथं मोनेच्या चित्रावर कुस्करलेले बटाटे पडले. २७ तारखेला नेदरलँड्समध्ये व्हर्मीरच्या ‘मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी’ या चित्राच्या काचेला एकानं आपलं डोकंच चिकटवलं!

लोक काय म्हणाले? बहुतेक जण माझ्या भाचीसारखेच चिडले. नोव्हेंबरमध्ये जगभरच्या ९२ संग्रहालयांच्या प्रमुखांनी एक पत्रक काढलं. या वस्तू किती नाजूक आहेत, याची कार्यकर्त्यांना कल्पनाच नाही, असं त्यांनी बजावलं. काच असली तरी पातळ पदार्थ फटीतून आत झिरपू शकतो, ही भीती खोटी नव्हती. काही जण म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, जागा चुकली. आणि काही जणांनी तर वेगळाच शोध लावला. हवामानाच्या कार्यकर्त्यांना बदनाम करायला तेल कंपन्यांनीच हे घडवून आणलं, म्हणे! या गटाला पैसे देणाऱ्या एका निधीला एका जुन्या तेलसम्राटाच्या नातीनं, आयलीन गेटी यांनी, देणगी दिली होती, एवढं खरं. पण त्यांनी ती उघडपणे, हवामानाच्या कामासाठीच दिली होती. बाकी सगळी मोबाइलवरची पतंगबाजी.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं त्याच सुमारास लोकांची पाहणी केली. रस्ते अडवणं, चित्रांवर हल्ले करणं अशा प्रकारांमुळे हवामानाच्या कामाला तुमचा पाठिंबा वाढतो की घटतो? शंभरातले ४६ जण म्हणाले, घटतो. १३ म्हणाले, वाढतो. आणि ४० जणांना काहीच फरक पडत नव्हता. मला या ४० जणांचं जास्त कुतूहल आहे.

बरं, विषय इथंच संपायचा. भाची अभ्यासाला लागली, मी माझ्या कामाला. पण पुढच्या वर्षी, २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस, बुलढाणा जिल्ह्याच्या या भागात अवकाळी पाऊस, वादळ आणि गारा आल्या. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार या तालुक्यांत कितीतरी शेडनेट भुईसपाट झाली. ताईचंही. ऐन क्रॉसिंगचे दिवस! जाळी फाटून खांबांना लोंबत होती, लोखंडी पाइप वाकले होते, आणि महिनाभर चिमट्यानं केलेलं काम चिखलात होतं.

आता, एकच वादळ पाहून ‘हे हवामानबदलामुळेच’ असं शास्त्रज्ञ लगेच म्हणत नाहीत, आपणही म्हणू नये. पण हवा एका अंशानं तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा तो धो धो कोसळण्याची शक्यता वाढते, हे त्यांनी केव्हाच सांगून ठेवलंय.

मी भेटायला गेलो. भाची अंगणात बसली होती. पंचनामा झाला होता. तिनं विचारलं, ‘मामा, लंडनच्या त्या चित्राला काहीच झालं नव्हतं ना?’

‘नाही.’

‘तरी सगळ्या जगानं बघितलं. आमचं नेट खरोखर पडलं, ते कुणी बघितलं?’

मी गप्प. वर्षापूर्वी ज्यांना जेलमध्ये टाकायला निघालेली हीच ती मुलगी! पण ताई गप्प बसणाऱ्यातली नव्हे. हातातली जाळी गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, ‘मग काय, लोकांनी बघावं म्हणून बालाजीच्या देवळावर टोमॅटो मारायचे का?’ आजीनं आतून ‘देवा, देवा!’ केलं. भाचीनं मान खाली घातली. खुद्द तिलाही ती कल्पना सहन झाली नसावी.

मुलांनो, हे मी मुद्दाम सांगतोय. लंडनच्या माणसांना राग का आला, हे मला त्या अंगणात जास्त कळलं. प्रत्येकाच्या मनात एक जागा अशी असते, जिला हात लावलेला चालत नाही. तिथं हात लागला, की माणूस हात लावणाऱ्याकडे बघतो. तो काय सांगतोय, ते ऐकूच येत नाही.

पण थांबा, एवढ्यावर निकाल देऊ नका. त्याच नॅशनल गॅलरीत १० मार्च १९१४ रोजी मेरी रिचर्डसन नावाच्या बाईनं खाटकाच्या सुऱ्यानं वेलाझ्केझचं व्हीनसचं चित्र फाडलं होतं. तेव्हा काच वगैरे वाचवायला आली नाही, चित्र खरोखर फाटलं. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा यासाठी लढणाऱ्या एमेलिन पँकहर्स्ट यांच्या अटकेचा तो निषेध होता. मेरीला सहा महिन्यांची शिक्षा झाली, लोकांनी शिव्या घातल्या. आणि ब्रिटनमध्ये स्त्रियांना मताचा हक्क मिळालाच. १९१८ मध्ये काहींना, १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीनं. तो सुऱ्यामुळे मिळाला की सुरा असूनही मिळाला, यावर इतिहासाचे अभ्यासक आजही भांडतात.

आपल्याकडचं उदाहरण हवं? १ जून २०१७ ला महाराष्ट्रातले शेतकरी संपावर गेले. सुरुवात नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याची. दुधाचे कॅन रस्त्यावर ओतले गेले. टीव्हीवर ते पाहून शहरातली मंडळी खवळली. मीसुद्धा! सुपाच्या वेळी आजी जे म्हणाली, तेच मी तेव्हा म्हणालो होतो. पण त्याच महिन्यात सरकारनं कर्जमाफी जाहीर केली. एक फरक मात्र लक्षात घ्या. ज्यांनी आपल्या घरचं दूध ओतलं, त्यांनी आपलंच नुकसान केलं. ज्यांनी रस्त्यात टँकर अडवून दुसऱ्याचं दूध ओतलं, त्यांच्याबद्दल माझं मत आजही बरं नाही.

आणखी मागे जा. १९३० मध्ये गांधीजींचा मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? अकोला जिल्ह्यात दहीहंडा इथं खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार केलं गेलं. तक्रार मिठाच्या कायद्याबद्दल आणि मोडला तोही मिठाचाच कायदा. अडाण्यालाही न सांगता कळावं! सूर्यफुलं आणि खनिज तेल यांचा संबंध मात्र भाषण करून समजवावा लागला. मला विचाराल तर सूपवाल्यांची खरी चूक ही. सूप फेकणं धीटपणाचं असेल, पण नेम भलतीकडे होता.

पुढं काय झालं? २७ सप्टेंबर २०२४ ला शिक्षा सुनावली गेली. फिबीला दोन वर्षं, ॲनाला वीस महिने. त्याआधी शंभरावर कलावंतांनी आणि कलेच्या अभ्यासकांनी ‘तुरुंगात टाकू नका’ असं पत्र लिहिलं होतं. चित्रांवर प्रेम करणाऱ्यांनीच, बघा! शिक्षेनंतर काही तासांतच त्याच गॅलरीत आणखी तिघांनी पुन्हा सूर्यफुलांच्या दोन चित्रांवर सूप ओतलं. त्या वर्षी ब्रिटनमध्ये आलेल्या नव्या सरकारनं तेल-वायूचे नवे परवाने न देण्याचं धोरण घेतलं होतं. मार्च २०२५ मध्ये ‘जस्ट स्टॉप ऑइल’नं जाहीर केलं, की आमची मागणी मान्य झाली, आता अशी आंदोलनं बंद. सुपामुळे धोरण बदललं का? निवडणुकीत सरकारच बदललं होतं, हे विसरू नका.

दोन वर्षांचा तुरुंगवास ऐकून भाचीनं मला फोन केला. ‘मामा, मी म्हटलं होतं तसं झालं. पण मला आता बरं नाही वाटत.’ मग तिनं विचारलं, आपल्याकडे असा कायदा आहे का? आहे. संरक्षित प्राचीन वास्तूचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तरीही किल्ल्यांच्या दगडांवर बाण मारलेली बदामं तुम्ही पाहिली असतीलच! त्यांना ना हवामानाची काळजी असते, ना मताच्या हक्काची. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ ही तारीख घालून आपलं नाव कोरलंय. लंडनचं सूप त्याच दिवशी पुसलं गेलं. स्मिथसाहेबांचं नाव दोनशे वर्षं झाली तरी तिथंच आहे. शाळेच्या सहली येतात, ते नाव बघतात आणि पुढं जातात. चिडलेलं कुणी मला तरी दिसलं नाही.

ताईनं शेडनेट पुन्हा उभं केलं आहे. पाइप जुनेच, ठोकून सरळ केलेले. भाचीनं त्याचं चित्र काढलंय, वादळानंतर दिसलं होतं तसं, फाटक्या जाळीचं. आजीनं ते भिंतीवर लावू दिलं नाही. ‘पडलेलं कामून लावायचं?’ म्हणाली. म्हणून ते सध्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे.

तुम्ही आज रात्री जेवताना हा विषय घरी काढा. आधी आजी काय म्हणते ते ऐका. आणि मग आम्हाला लिहा.