रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून साउदॅम्प्टन, पोर्टस्मथकडे जाणाऱ्या रेल्वेच्या नशिबी गेली तीस वर्षं प्रयोगच आले. ब्रिटनने रेल्वे खासगी केली तेव्हा पहिल्या गाड्यांत तिची गाडी. रूळवाले आणि गाडीवाले यांना एका टेबलाशी बसवलं ते प्रथम तिथेच. आणि २०२४च्या कायद्याने सरकारकडे परत आलेली पहिली सेवाही तीच.

रूळवाले आणि गाडीवाले यांच्यातलं भांडण आपल्याला चटकन कळत नाही. लोकल रखडली की आपण रेल्वेला शिव्या घालतो. सिग्नल बिघडला असो वा मोटरमन आला नसो, रेल्वे एकच. ब्रिटनने मात्र १९९३च्या कायद्याने घराची वाटणी केली. १ एप्रिल १९९४पासून रूळ, सिग्नल आणि मोठी स्थानकं रेलट्रॅककडे गेली, गाड्या चालवण्याचे करार वेगवेगळ्या कंपन्यांना मिळाले. ४ फेब्रुवारी १९९६च्या पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी ट्विकनहॅमहून वॉटर्लूकडे साउथ वेस्ट ट्रेन्सची गाडी सुटली. मालक स्टेजकोच, मूळचे स्कॉटलंडचे बसवाले.

वाटणी झाली की हिशेब आला. गाडीला उशीर झाला तर दोष कुणाचा हे ठरवायचं, आणि दोषी ठरेल त्याने दुसऱ्याला भरपाई द्यायची. त्यासाठी दोन्हीकडे माणसं नेमली गेली. सरकारच्याच २०२१च्या श्वेतपत्रिकेप्रमाणे अशी पूर्णवेळ माणसं सुमारे चारशे होती. त्यातच एका वादाचा किस्सा आहे : गाडीला धडकलेला फेझंट लहान पक्षी की मोठा? लहान असेल तर गाडीवाल्याने सोसायचं, मोठा असेल तर रूळवाल्याच्या नावावर. पक्षी तर मेलाच होता.

हा विनोद झाला. पण लंडनच्या उत्तरेला हॅटफील्डला १७ ऑक्टोबर २००० रोजी तडे गेलेला रूळ धावत्या गाडीखाली फुटला, चार माणसं गेली. तडे आधीच दिसले होते. बदलायचे रूळ महिनोन्‌महिने बाजूला पडून होते. देखभाल कंत्राटदारांकडे, आपल्याच रुळांची नीट माहिती रेलट्रॅककडे नाही. मग देशभर गाड्यांना वेगमर्यादा लागल्या. वर्षभरात रेलट्रॅक प्रशासकाच्या हाती गेली, ऑक्टोबर २००२मध्ये रूळ नेटवर्क रेलकडे आले. वाटणी मात्र तशीच राहिली.

मे २०११मध्ये सर रॉय मॅकनल्टी यांनी रेल्वेच्या खर्चावरच्या अहवालात सांगितलं की ही रेल्वे युरोपातल्या इतरांपेक्षा फार महाग पडते, आणि तुकडे पडलेली रचना हे त्याचं एक मोठं कारण. त्यावरचा उतारा म्हणून एप्रिल २०१२मध्ये वॉटर्लूला युती झाली. साउथ वेस्ट ट्रेन्स आणि नेटवर्क रेलचा तिथला विभाग यांच्यावर एकच वरिष्ठ चमू, प्रमुख टिम शोव्हेलर. मेगाब्लॉक कधी घ्यायचा, बिघाड झाला तर आधी कोणती गाडी सोडायची, हे आता एकाच खोलीत ठरणार होतं. कल्पना शहाणपणाची होती, यात मला शंका नाही.

पण टेबल एक झालं तरी खिसे दोनच राहिले. कर्मचारी आपापल्या कंपनीचेच, ताळेबंद वेगळे. गाडीवाल्याचा करार पाचेक वर्षांत संपणार. रूळ टाकायचा तो तीसएक वर्षांसाठी. उद्या हा मार्ग दुसऱ्याकडे जाणार असेल तर आज रुळावर कोण जीव लावील? त्यात सप्टेंबर २०१४पासून नेटवर्क रेल सरकारी खात्यात धरली गेली, कर्जाला लगाम बसला. २०१५मध्ये युती मोडली. ती माणसांच्या भांडणाने मोडली असं मला वाटत नाही. करारांच्या मुदतींनीच ती खाल्ली.

पुढची गंमत ऑगस्ट २०१७ची. वॉटर्लूचे एक ते दहा फलाट कामासाठी बंद, आणि नेमकं त्याच महिन्यात, काम अर्धवट असताना, २० तारखेला गाडीवाला बदलला. साउथ वेस्ट ट्रेन्स गेली, साउथ वेस्टर्न रेल्वे आली. बरोबर पाच दिवस आधी तिथेच एक प्रवासी गाडी कामाच्या ठिकाणी उभ्या असलेल्या वॅगनांवर घासली होती.

मे २०१८मध्ये उत्तर इंग्लंड आणि लंडनच्या परिसरात नवं वेळापत्रक कोसळलं, तेव्हा चौकशीत एकच गोष्ट ठळक दिसली : सूत्रं कुणीच हाती घेतली नव्हती. रुळांवरचं विद्युतीकरण लांबलं, त्यामुळे गाडीवाल्यांची तयारी कोलमडली, आणि थांबा म्हणायचा अधिकार कुणाचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. करोनात प्रवासीच उरले नाहीत, तेव्हा गाडीवाल्यांना मुदतीचे करार देण्याची फ्रँचाइझी पद्धत संपली.

२५ मे २०२५, रविवार. साउथ वेस्टर्न रेल्वे सरकारकडे आली. रूळ अजून नेटवर्क रेलकडेच होते. दोन्ही एकत्र करायला ग्रेट ब्रिटिश रेल्वेज उभारायची घोषणा झाली होती, पण कायदा व्हायचा होता. त्या दिवसाची पहिली गाडी पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी वोकिंगहून निघाली. सर्बिटनला प्रवासी उतरले आणि वॉटर्लूला जायला बसमध्ये चढले. पुढे मेगाब्लॉक होता.