रानांतील अळंबीं ओळखावीं कशीं?

हिमालयांतील सूचिपर्णी वनांत गुच्छी उगवते. आमच्या देवगांव फाट्यास तसलीं वनें कोठून असणार? येथें पावसाळ्यांत बांधांवर, गायरानांत व वारुळांपाशीं जीं अळंबीं डोकें वर काढतात, तींच आमचीं. गेल्या श्रावणांत शेजारचा मुलगा टोपलीभर अळंबीं घेऊन माझ्याकडे आला. "मास्तर, आई विचारते, हीं शिजवूं का?" घरीं मसाला वाटून तयार होता.

मीं एक अळंबें पालथें करून पाहिलें. पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले, देठावर कडें, खालचे पडदे पांढरे. मीं म्हणालों, "बाळ, आईला म्हणावें, आजची रात्र थांबा."

वारुळावरील अळंबें खाण्याचें म्हणून प्रसिद्ध आहे. वाळवी जमिनीखालीं सच्छिद्र पोळें रचून त्यावर एक बुरशी जोपासते; पाऊस झाला कीं तिचींच अळंबीं वर येतात. म्हणून त्यांचा देठ मुळासारखा निमुळता होत थेट पोळ्यापर्यंत जातो. टोपीच्या मध्यावर टोंकदार उंचवटा असतो आणि बीजाणूंची भुकटी गुलाबीसर पडते. रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९४२ सालीं या कुलास 'टर्मिटोमायसीस' हें नांव दिलें.

टोपलींतील देठांना असें मूळ नव्हतें. मीं एक देठ कापला, टोपी पडदे खालीं करून पांढऱ्या कागदावर ठेवली व वर कांचेचें भांडें पालथें घातलें. सकाळीं कागदावर हिरवट ठसा उमटला होता! हें 'क्लोरोफायलम मॉलिब्डाइटीस'. तें पोटांत गेल्यास कांहीं तासांतच ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात.

मात्र ठसा गुलाबी आला म्हणजे निर्धास्त व्हावें, असेंहि नाहीं. गुलाबी भुकटीचीं विषारी अळंबींहि आहेत. सर्व खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत. विषानें चांदी काळी पडते, किंवा किड्यांनीं खाल्लेलें माणसास चालतें, या समजुती निव्वळ खोट्या आहेत. बुडाशीं पिशवी असलेल्या 'अमॅनिटा' कुलांतील कांहीं जाती तर यकृताचा नाश करतात. त्यांचें विष शिजवूनहि जात नाहीं, आणि लक्षणें बहुधा सहा तासांनंतर दिसूं लागतात. तोंवर विष अंगांत भिनलेलें असतें.

तेव्हां शंका असेल तें अळंबें खाऊं नये. चुकून खाल्लें गेलेंच, तर उरलेला तुकडा बरोबर घेऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावें. त्या माउलीनें टोपली उकिरड्यावर रिती केली. भाजी एका वेळेची गेली. पण घरांतलीं चार माणसें सुखरूप राहिलीं.