रक्त गाळलं, पण रुग्ण वाचला का?

जंतुसंसर्ग रक्तात पसरला की अँटिबायोटिक सुरू होतं, जिवाणू मरू लागतात आणि तरीही काही रुग्णांचं बीपी कोसळतच जातं. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं. जिवाणू फुटला की ते रक्तात मोकळं होतं आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा बेफाम होते.

पॉलिमिक्सिन-बी हे औषध या विषाला घट्ट धरतं. आपल्याकडच्या आयसीयूंतही इतर अँटिबायोटिक्स हरली की ते शिरेतून देतात. पण त्याने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. जपानच्या टोरे कंपनीने यावर फार सुरेख तोडगा काढला. औषध शरीरात सोडायचंच नाही. ते पॉलिस्टायरीनच्या तंतूंवर जखडायचं, तंतू नळकांड्यात भरायचे आणि डायलिसिससारखं रक्त बाहेर काढून त्यातून फिरवायचं. 1994 पासून जपानमध्ये हा उपचार मान्यताप्राप्त आहे.

2009 मध्ये इटलीतल्या 64 रुग्णांच्या चाचणीने आशा वाढवली. 28 दिवसांत उपचार घेतलेल्यांपैकी 32 टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी 53 टक्के. मग अमेरिका-कॅनडात 450 रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना यंत्र जोडल्याचा नुसता देखावा केला, म्हणजे उपचार कोणाला मिळाला हे नातेवाइकांनाही कळू नये. असं करायला धैर्य लागतं. 2018 मध्ये निकाल आला: उपचार घेतलेल्यांत मृत्यू 37.7 टक्के, देखावा केलेल्यांत 34.5. म्हणजे फायदा दिसलाच नाही.

कोविडकाळात तर याहून कडू अनुभव आला. जर्मनीत फ्रायबुर्गला एक्मोवरच्या, म्हणजे शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या यंत्रावरच्या, 34 रुग्णांपैकी निम्म्यांच्या रक्तातून सायटोकाइन ही प्रतिकारयंत्रणेची संदेशवाहक प्रथिनं शोषून काढायचा प्रयत्न झाला. तीस दिवसांनी त्या 17 पैकी तिघे जिवंत होते. दुसऱ्या गटात 17 पैकी 13. चाचणी लहान होती, तरी हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. सायटोकाइन शरीराच्या लढाईचाच भाग आहेत, शिवाय अशी यंत्रं काही औषधंही शोषून घेतात. म्हणूनच यंत्रात किती सायटोकाइन किंवा किती विष अडकलं, हा कंपन्यांचा आवडता आकडा मला पुरेसा वाटत नाही.

अमेरिकी चाचणीचे आकडे मागाहून तपासल्यावर दिसलं, की एंडोटॉक्सिन ठरावीक पातळीत असलेल्यांना फायदा होत असावा. म्हणून पुढची ‘टायग्रिस’ चाचणी अशाच रुग्णांना निवडून आखली गेली. पण तिच्यात तो देखावा नव्हता. उपचार कोणाला मिळतोय हे डॉक्टरांना ठाऊक होतं. ही उणीव मला मोठी वाटते.