सलाईनवर पहारा कोणाचा?

जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडसारख्या तालुक्याच्या गावी पेशंटला सलाईन लागली की खाटेजवळच्या नातेवाइकाला काम मिळते: बाटलीकडे बघत बसायचे आणि संपत आली की सिस्टरला हाक मारायची. त्याचा डोळा लागला तर? बाटली रिकामी होते, रक्त उलटे नळीत चढते, सुईत गोठते. मग पुन्हा नवी शीर शोधा. याउलट सलाईन भरभर गेली, तर लहान मुलाच्या किंवा हृदयरुग्णाच्या फुप्फुसात पाणी साचू शकते.

ठिबकवर केळी पिकवणाऱ्या या जिल्ह्याला हा हिशेब कळायला जड नाही. चढउताराच्या शेतातही सारखे पाणी पडावे म्हणून दाब सांभाळणारे ड्रीपर मिळतात. सलाईनच्या नळीला मात्र फक्त एक चाक. रुग्ण उठून बसला, कोपर दुमडले, की वेग बदलला. साध्या सेटचे सुमारे 20 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर; 500 मिलिलिटर चार तासांत द्यायचे तर मिनिटाला साधारण 42 थेंब. सिस्टर घड्याळ लावून ते मोजतात, पण किती खाटांवर आणि किती वेळा?

म्हणूनच थेंब मोजणारे यंत्र हा इंजिनीअरिंगच्या मुलांचा लाडका प्रोजेक्ट. थेंब पडतो त्या कुपीच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर सेन्सर. थेंब आडवा आला की मोजला. कॉलेजच्या टेबलावर झकास चालते. वॉर्डात खिडकीतून ऊन येते, कुपीच्या आत शिंतोडे बसतात, वीज जाते. भोंगा उगाचच वाजू लागला, तर कोणीतरी तो बंद करणारच, आणि त्यात त्याची चूक नाही.

आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी 2014 मध्ये उभारलेल्या ‘बेटिक’ या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्राने हा क्रम उलटा केला: आधी डॉक्टरांची अडचण, मग सर्किट. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटीही त्यात आले. तिथे घडलेला डिजिटल स्टेथोस्कोप 2020 च्या कोविडकाळात कामी आला. रुग्णाच्या छातीतले आवाज डॉक्टरांना लांबून ऐकता आले.

कॉलेजातले मॉडेल थेट रुग्णाला लावता येत नाही, हे बरेच आहे. 2017 च्या नियमांत उपकरणांचे जोखमीनुसार ए ते डी असे वर्ग आहेत आणि 1 एप्रिल 2020 पासून सगळीच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली आली. पण रिकाम्या खाटेशेजारी, बादलीत नळी सोडून चाचणी घ्यायला काय हरकत आहे? जळगाव-भुसावळच्या प्राध्यापकांनी विषय मंजूर करण्याआधी मुलांना परवानगी काढून एक रात्र वॉर्डात बसवावे, आणि प्रोजेक्टचे थोडे गुण सिस्टरच्या हाती द्यावेत.