पोरगी डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे

संक्रांतीच्या आठवड्यात गटाची बैठक चालू होती. हप्ते गोळा होत होते, तेवढ्यात आमच्या एका ताईंचा फोन वाजला. पलीकडून लेक हुंदके देत म्हणाली, "आई, मला काहीच कळत नाही. तीन विषयांच्या चाचणीत दोनात गेले. मी घरी येते." एमबीबीएसला लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. ताई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "येऊ द्या तिला. आपल्या नशिबात नव्हतं."

आम्ही म्हटलं, ताई, जरा थांबा. त्या वर्षात असतं तरी काय, ते आधी विचारू. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी जे समजावलं, तेच आज सांगतोय.

आमच्या माण-आटपाडीकडे सरकारी मेडिकल म्हटलं की वर्षानुवर्षं मिरजेचंच नाव निघायचं. ते कॉलेज 1962 सालचं. साताऱ्याचं 2021-22 ला 100 जागांवर सुरू झालं. म्हणजे जवळची दारं आता वाढलीत. पण आत गेल्यावर पोरीचं काय होतं, हे आपल्याला कुणी सांगत नाही. शिक्षण साडेचार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षाला विषय तीनच. शरीराची रचना, शरीराचं काम कसं चालतं ते, आणि शरीरातलं रसायनशास्त्र. औषध द्यायला त्या वर्षी शिकवतच नाहीत. आणि आपण मात्र पोरगी सुट्टीला आली की गुडघे पुढं करून बसतो!

सगळ्यात अवघड म्हणजे डिसेक्शन हॉल. तिथं माणसाच्या मृतदेहावर शिकायचं असतं. फॉर्मालिनचा वास डोळ्यांत चुरचुरतो, हाताला राहतो, पहिले काही दिवस मेसमधला घास उतरत नाही. यातले बरेचसे देह कुणीतरी जिवंतपणी इच्छा सांगून दान केलेले असतात. त्यांचा मान राखू, अशी शपथ मुलं आधी घेतात आणि त्या देहाला पहिला गुरू मानतात. मोठ्या माणसाच्या अंगात 206 हाडं. प्रत्येकाचा खड्डा न् उंचवटा पाठ करायचा. त्यासाठी मुलं खोलीवरही हाडं ठेवतात. मॅडम सांगत होत्या, त्यांची आई पहिल्यांदा होस्टेलवर आली, पलंगाखालची पिशवी उघडली आणि आधी आंघोळीला गेली.

दुसरी अडचण भाषेची. ताईंची लेक दहावीपर्यंत मराठी शाळेतली. यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड सगळं तिला येतं, पण पुस्तकात सगळं इंग्रजीत आणि स्नायूंची नावं तर लॅटिनमधली. एका पानाला तास लागतो. शेजारची मुलगी भराभर पानं उलटते, मग आपलीच पोर स्वतःला ढ समजते. मजा अशी, की सरकारी कॉलेजात 15 टक्के जागा देशभरातल्या मुलांना असतात. त्यांना पेशंटशी बोलायला मराठी शिकावी लागते. "पोटात कळ येते" म्हणजे काय, ते त्यांना आपल्याच पोरी समजावतात.

पास व्हायला 50 टक्के लागतात. हजेरी वर्गात 75 आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के. राहिलेल्या विषयाची पुन्हा परीक्षा देता येते. आणि आतली चाचणी म्हणजे वर्षाचा निकाल नव्हे. मॅडम हसून म्हणाल्या, "मीसुद्धा पहिल्या चाचणीत गेले होते. आईला सांगितलंच नव्हतं."

पैशाचंही विचारलं. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी फेरीतून झाला असेल, तर शिकवणीची आणि परीक्षेची फी पूर्ण माफ आहे. मेस, पुस्तकं, येणं-जाणं मात्र आपल्यालाच बघावं लागतं. ताईंना गटानं अंतर्गत कर्जातून 15 हजार दिले.

अजून एक. आता पहिल्या वर्षापासूनच मुलांना खेड्यातली तीन ते पाच कुटुंबं दत्तक देतात. त्यांच्याकडे पुढं तीन वर्षं जायचं. घरात पाणी कुठलं, कुणाला काय दुखणं, बीपी किती, हे लिहायचं. तुमच्या दारात अशी मुलं आली तर आत घ्या आणि खरं सांगा. गोळ्या मागू नका, त्यांना देता येत नाहीत. ताईंच्या लेकीला तिच्या वाट्याच्या एका आजीनं गोळी मागितलीच. ती म्हणाली, "आजी, मी अजून शिकतेय, आशाताईंना बोलावते." त्या दिवशी तिचा फोन न रडता आला.

ती राहिली. रडते अजूनही अधूनमधून, पण घरी येते म्हणत नाही. प्रॅक्टिकलला ती मुलं स्वतःचंच बोट टोचून रक्त तपासतात. मागच्या रविवारी तिनं विचारलं, "आई, तुझं हिमोग्लोबिन किती?" ताईंनी मागच्या बाळंतपणानंतर कधी तपासलंच नव्हतं. बाईचं 12 च्या वर हवं. सोमवारी आम्ही सात जणी उपकेंद्रात गेलो. पाच जणींचं कमी निघालं, ताईंचं तर 8.9. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यात. लेकीला त्यांनी अजून सांगितलेलं नाही. म्हणाल्या, तिची पुढची चाचणी होऊ दे.