तेक्कु ते टीक

लाकडाच्या वखारीत ‘बर्मा टीक’, ‘टीकवुड’ असे शब्द कानी पडतात. शेजारी उभा असलेला सुतार त्याच लाकडाला साग म्हणतो. ऐकणाऱ्यास वाटते, साग हा शब्द आपला आणि टीक हा साहेबाचा. वस्तुतः टीक हा शब्दही याच देशात जन्मला. तो विलायतेची वारी करून परत आला, एवढेच!

संस्कृतात या वृक्षाला ‘शाक’ असे नाव होते. त्यावरून मराठीत साग झाला. अरबी भाषेतील ‘साज’ हे नावही याच कुळातील मानतात. कारण अरब व्यापारी आपल्या गलबतांसाठी मलबार किनाऱ्यावरून सागाचे लाकूड नेत असत. दक्षिणेत मात्र नाव निराळे आहे. मलयाळम व तमिळ भाषांत सागाला ‘तेक्कु’ म्हणतात.

इ. स. १४९८ मध्ये पोर्तुगीज कालिकतला पोहोचले. त्यांनी तेक्कुचे ‘तेका’ केले. पुढे कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. या कामी त्याला इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोंकणी विद्वान यांचे साहाय्य झाले. त्या तिघांचे नागरी लिपीतील कोंकणी निवेदन १६७८ च्या पहिल्या खंडात छापलेले आहे. १६८३ च्या चौथ्या खंडात साग ‘थेका’ या नावाने चित्रासह आला.

सतराव्या शतकात इंग्रजांच्याही तोंडी हा शब्द आला. अखेरचा स्वर गळून तो ‘टीक’ बनला. पोर्तुगीजांचा शब्द आधीचा असूनही युरोपातील बहुतेक भाषांत पुढे इंग्रजी रूपच रुजले. त्याचे मोठे कारण जहाजे होत.

विलायतेत जहाजे ओक वृक्षाच्या लाकडाची बांधीत. त्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजत. साग तेलकट असल्यामुळे त्यात खिळे टिकतात, आणि पाण्याने तो सहसा कुजत नाही. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या घराण्याने तेथील गोदीत बांधलेल्या सागवानी जहाजांनी इंग्रज आरमारात नाव मिळविले. १८१७ साली मुंबईत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे. लोखंडी युद्धनौका आल्या तरी सागाची गरज संपली नाही. १८६० च्या ‘वॉरियर’ नौकेच्या साडेचार इंची लोखंडी चिलखतामागे सागाचा अठरा इंची थर होता.

इंग्रजांना लागणारा हा साग पुढे ब्रह्मदेशातूनही येऊ लागला. तेथील थिबा राजाच्या दरबाराने १८८५ मध्ये, सागाचे ओंडके कमी दाखवून कर बुडविल्याबद्दल, मुंबईत स्थापन झालेल्या एका इंग्रज कंपनीस जबर दंड केला. इंग्रजांना युद्धासाठी एवढे निमित्त पुरे झाले. थोड्याच दिवसांत राज्य गेले, आणि थिबा राजाला रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले. मायदेश पुन्हा न पाहता १९१६ मध्ये त्याने तेथेच देह ठेवला.

व्यापार ज्याच्या हाती, त्याचा शब्द बाजारात चालतो. जर्मन, स्वीडिश व डॅनिश लोकांनी ‘टीक’ जसाच्या तसा घेतला. रशियन भाषेत तो ‘तिक’ झाला, तर फिनलंडमध्ये ‘तीक्की’. डचांची गोष्ट मौजेची आहे. त्यांच्या ताब्यातील जावा बेटावर सागाची मोठी वने होती, आणि तेथील ‘जाती’ हे नाव त्यांना ठाऊक होते. तरी त्यांच्या भाषेत इंग्रजी टीक शिरलाच. स्पेन व पोर्तुगाल येथे मात्र अद्याप ‘तेका’ म्हणतात. त्या शब्दात मलबारचा उच्चार अधिक ओळखू येतो.