आधी ठिणगी, मग पेट्रोल

पाऊस उघडला की अनेक घरांत एक ठरलेला प्रसंग घडतो. चार महिने जिन्याखाली ताडपत्री पांघरून बसलेली जुनी मोटारसायकल बाहेर निघते. फडक्याने टाकी पुसली जाते, चोक ओढला जातो आणि किका मारायला सुरुवात होते. पंधराव्या किकेला मारणाऱ्याचा शर्ट भिजतो. पंचविसाव्या किकेला गॅलरीतून आवाज येतो, ‘‘द्या आता भंगारवाल्याला!’’ तोवर शेजारचे दोघे-तिघे जमलेले असतात. एक म्हणतो, कार्बोरेटर खोला. दुसरा म्हणतो, प्लग बदला. तिसरा काही न बोलता स्क्रू ड्रायव्हर घेऊन दिसेल तो स्क्रू पिळू लागतो.

ती गाडी बहुधा वडिलांनी पहिल्यावहिल्या कर्जातून घेतलेली असते. तिच्या टाकीवर बसून मुले शाळेत गेलेली असतात. आणि ती भंगारात जाते ती पुष्कळदा मोठ्या बिघाडामुळे नव्हे, तर लहानसा बिघाड चुकीच्या क्रमाने शोधल्यामुळे. म्हणून आज थोडे या क्रमाविषयी.

पूर्वी बँकेत खातेवह्या हाताने लिहीत, तेव्हा संध्याकाळी मेळ बसला नाही की जुने हेडक्लार्क सगळ्या नोंदी पुन्हा तपासायला बसत नसत. ते आधी फरकाची रक्कम पाहत. तिला नऊने भाग जात असेल, तर कुणीतरी 45 चे 54 लिहिले असावेत, हा पहिला संशय. फरकच सांगत असे की चूक कुठे शोधायची. गाडीचेही तसेच असते. लक्षण नीट पाहिले तर निम्मी तपासणी तिथेच होते.

प्लग काय सांगतो?

इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, ते दाबून धरण्याची ताकद आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटचे उदाहरण घेऊ. 1955 साली मद्रासला जिची जोडणी सुरू झाली, तीच ही गाडी. ही चालू होत नसेल, तर पहिले हत्यार म्हणजे प्लगपाना. दहा-बारा किका मारून प्लग काढा आणि पाहा. कोरडा असेल, तर पेट्रोल आत पोचतच नाही. ओला असेल, तर पेट्रोल पोचते आहे. एक तर ते ओव्हर झाले आहे किंवा त्याला पेटवणारे कुणी नाही. एरवी चालणाऱ्या गाडीचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा असावा. काळा, काजळी धरलेला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापते आहे.

मग करंट पाहायचा. पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लग टोपीत बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून दूर. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेट घेऊ शकते. किक मारल्यावर निळी, ठसठशीत ठिणगी उडाली पाहिजे. पिवळी, मरतुकडी ठिणगी उघड्या हवेत दिसते खरी, पण इंजिनातल्या दाबाखाली ती विझते.

ठिणगी अशक्त असेल, तर नवीन प्लग लावून पाहावा. तरीही तीच गत असेल तर पॉइंटचे झाकण उघडावे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये प्रवाह वाहतो. ते उघडताच तो तुटतो आणि बॅटरीचे सहा-बारा व्होल्ट हजारो व्होल्ट होऊन प्लगवर जातात. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर हे सेकंदाला पंचवीस वेळा घडते. पॉइंटमधली फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवी. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते, गाडी जडावते. पॉइंट काळे-निळे जळत असतील, तर शेजारचा कंडेन्सर संपला आहे. अंगठ्याएवढी ही स्वस्त वस्तू. हिच्यापायी किती गाड्या ‘इंजिनाचे काम निघाले’ म्हणून पडून राहिल्या असतील!

मग कार्बोरेटर

ठिणगी पक्की झाली, तरच कार्बोरेटरला हात लावावा. कारण साधे आहे. ठिणगी तपासायला पाच मिनिटे लागतात आणि काही बिघडत नाही. कार्बोरेटर खोलला की गास्केट फाटतात, बसलेले ट्यूनिंग हलते. शिवाय अशक्त ठिणगीने प्लग काळा पडतो आणि माणूस विनाकारण पेट्रोलला दोष देत बसतो.

इथेही लक्षणच बोलते. गाडी स्लोला थांबत नसेल, पण पळताना ठीक असेल, तर पायलट जेट चोकअप आहे. मध्यावर अडखळत असेल, तर सुई पाहा. पूर्ण पिळल्यावर मिसिंग होत असेल, तर मेन जेट. जेट साफ करायला तार घालू नये. पितळेचे भोक मोठे होते आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. हवेचा झोत पुरतो.

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल देशाने 2025 साली गाठली. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि जुन्या काळच्या काही रबरी नळ्या-वॉशर त्याने फुगतात. तेव्हा गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी.

एक लक्षण, दोन आजार

खरी परीक्षा वेगळीच. गाडी सकाळी छान निघते, दहा किलोमीटरवर अचानक बंद पडते आणि पंधरा मिनिटांनी काही झालेच नाही अशी चालू होते. याची दोन ठळक कारणे, दोन टोकांची. एक : टाकीच्या झाकणातले हवेचे भोक बुजले आहे, पेट्रोल जाते पण त्याच्या जागी हवा येत नाही, म्हणून प्रवाह थांबतो. दुसरे : कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर दगा देतो. निदान रस्त्यावरच, गाडी गार होण्याआधी करायचे. थांबताक्षणी झाकण उघडा. फुस्स आवाज होऊन, थोड्या वेळात पेट्रोल उतरून गाडी चालू झाली, तर दोष झाकणाचा. नाही झाली, तर तिथेच करंट पाहा. घरी आणून, गार झालेल्या गाडीवर शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. तो मग कॉइल, जेट, प्लग सगळेच बदलतो. गाडी सुधारलीच, तर कशाने सुधारली हे त्यालाही कळत नाही.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि ती बदलून गाडी चालवून पाहावी. चांगल्या मेस्त्रीची ओळख हीच. तो आधी विचारतो, ‘‘कधी बंद पडते? गरम झाल्यावर की गार असताना?’’ प्रश्न न विचारता पाना उचलणाऱ्यापासून सावध राहावे.

1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे नवे निकष आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्या गाड्या संगणकाला जोडून तपासतात. ते उत्तमच आहे. पण पॉइंटची फट डोळ्यांनी ओळखणारे मेस्त्री आता साठी-सत्तरीला आले आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकायला पोरे येत नाहीत. घरात जुनी गाडी असेल, तर एका रविवारी अशा मेस्त्रीकडे ती घेऊन जा, सोबत मुलाला किंवा मुलीला न्या आणि दोन तास नुसते पाहू द्या. भंगारवाला काय, पुढच्या रविवारीही येईल.